दोन नंबरचा पडदा

स्नेहल आजीचा हात धरून समुद्राच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभी होती, आणि इकडे बकुळा खोलीचं दार लोटून लेकीची सॅक तपासत होती.

तपासायचं कसं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. राहनाळच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये ती चौदा वर्षांपासून लेडीज गार्ड होती. शिफ्ट सुटली की बायकांची रांग लागे आणि गेटजवळच्या प्लायवूडच्या दोन खोक्यांत, हिरव्या पडद्यामागे, एकेकीची झडती होई. एक नंबरचा पडदा दुसऱ्या गार्डचा, कमळचा, दोन नंबरचा बकुळाचा. खांदे, बगला, कंबर, पाठ, पोटऱ्या, मग चप्पल, हा क्रम तिच्या हातांत इतका मुरला होता की डोळ्यांचं कामच पडत नसे. क्रीमची ट्यूब कुठली, इअरफोन कुठला, लहान पोराचं झबलं कुठलं, हे तिला कपड्यावरून हात फिरताच कळे.

सॅकमध्ये एक टॉवेल, दोन कुर्ते, कंगवा आणि खोबरेल तेलाची बाटली निघाली. अस्तरही तिनं चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. दुसऱ्या एखाद्या आईचा जीव भांड्यात पडला असता, पण बकुळाचा उलट वर आला. वीस वर्षांच्या पोरीच्या सॅकमध्ये लपवण्यासारखं काहीच नाही म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी आहे, एवढा तिचा अनुभव होता.

मुळात ही सहलच तिला खटकली होती. नारपोलीच्या त्यांच्या घरात समुद्राचं नाव कधी कुणी काढलं नव्हतं. नवरा सुगत पालिकेत वॉलमन, पाणी सोडायच्या वेळा सांभाळणारा. त्याला सलग दोन दिवस सुट्टी मिळणं म्हणजे नवलच. पण स्नेहलनं मैत्रिणीच्या ओळखीनं बोर्डीच्या चिकूवाडीतली खोली ठरवली, बापाला रजा टाकायला लावली, त्याच्या मित्राची इको गाडी मागून आणली आणि आजीला नवी चप्पलसुद्धा घेतली. कॉलेजातून आली की गादीवर आडवी होणारी पोरगी एकाएकी एवढी उत्साही झाली. बकुळाच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथे.

दुसरी गोष्ट फोटोंची. कपाटातल्या पाकिटात स्नेहलचे आठ पासपोर्ट फोटो होते, ते सहा झाले होते. आधारची झेरॉक्सही एक कमी. फोनवर बोलायला पोरगी गच्चीवर जात होती. दोन फोटो आणि आधार कार्ड कशाला लागतं हे बकुळाला नीट ठाऊक होतं. कमळच्या भाचीनं असंच कोर्टात जाऊन लग्न केलं होतं आणि घरच्यांना ते चार दिवसांनी कळलं होतं.

"अवो, ही आपल्याला काहीतरी सांगायला घेऊन आलीय हितं," जेवायला बसायच्या आधी तिनं सुगतला बाजूला घेऊन सांगितलं. "पोरगी सरळ न्हाय राहिली."

"पोरगी सरळच हाय. वाकडी तुझी नजर हाय," सुगत म्हणाला, आणि पुढे काही विचारायच्या आत हात धुवायला निघून गेला. तेही बकुळाला खटकलंच.

दुपारी सगळे पडवीत जेवायला बसले. खोलीची मालकीण नेत्रा, तिशीतली चटपटीत बाई, बोंबील वाढत होती. बकुळाचं लक्ष ताटापेक्षा समोर बसलेल्या पोरीवर होतं. स्नेहल दोनदा काहीतरी बोलायला आली आणि दोन्ही वेळा पाणी प्यायली.

"आई, मला ना तुला..." तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात जमीन थरथरायला लागली.

नेत्राच्या हातातलं भांडं खाली पडलं. "बाहेर पला," ती ओरडली आणि अंगणात धावली. शेजारच्या घरातली माणसं, कुत्री, कोंबड्या, सगळी बाहेर पडली. नारपोलीची ही चार माणसं मात्र बसल्या जागी घास चावत राहिली. त्यांच्या घराखाली आणि दोन्ही बाजूंना यंत्रमाग होते. फरशी थरथरते, भांडी मांडणीवर किणकिणतात, ताटातलं वरण हलतं, हे त्यांना रोजचंच. उलट लाईट गेली आणि माग थांबले की सासूबाईंना, बायजाबाईंना, जाग यायची. आताही त्यांनी बोंबलाचा काटा काढत शांतपणे विचारलं, "मागावरची पाळी बदलली काय रं?"

मग छपरावरची कौलं सुटली. दोन कौलं ताटांच्या मधोमध येऊन फुटली तेव्हा सुगतच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं आईला ताटावरून तसंच उचललं. बकुळानं स्नेहलचं मनगट धरलं आणि दोघी अंगणात धावल्या. मागे पडवीचा कोपरा धाडकन खाली आला.

बकुळानं पोरीला छातीशी कवटाळलं. किती वर्षांनी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पोरगी थरथरत होती, जमीन थरथरत होती, आणि बकुळाचे हात मात्र आपल्या कामाला लागले होते. खांद्यांवरून बगलेत, बगलेतून कमरेला. कुर्त्याच्या आत, नाडीजवळ, काहीतरी चपटं आणि कडक लागलं. वर भोक, भोकात गुंडाळलेली पट्टी. हात तिथेच थांबले.

स्नेहल हळूच मागे सरकली. जमीन तोवर शांत झाली होती.

"आई," ती म्हणाली, "तू मला चेक केलंस?"

बकुळाला नाही म्हणायची सोय नव्हती. आपण एवढा वेळ पोरीला मायेनं धरलं होतं असंच तिला स्वतःला वाटत होतं, आणि हातांनी भलतंच केलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संशय ही अशी चीज आहे की शरमेतसुद्धा तिची भूक जात नाही. ती म्हणाली, "कंबरेला काय हाय ते दाखव."

स्नेहलनं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. निळी पट्टी, कोपऱ्यात पाकिटातून गेलेल्या दोन फोटोंपैकी एक. खाली नाव, आणि त्याखाली बकुळाच्याच गोडाऊनचा शिक्का. सोमवारपासून रुजू.

कोर्टातलं लग्न परवडलं असतं. बकुळानं कोणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण चौदा वर्षं एकच गोष्ट मनाशी धरून ती त्या खोक्यात उभी राहिली होती. आपली पोरगी शिकेल, खुर्चीवर बसेल, आणि त्या पडद्यामागे हात वर करून कुणापुढे उभी राहणार नाही.

"हे सॅकमध्ये का न्हाय ठेवलंस?"

"सॅक तू तपासणार हे मला म्हायत होतं."

"कॉलेज सोडलंस?"

"न्हाय. परीक्षा बाहेरून देणार. स्कॅनिंगचं काम हाय, दिवसाची ड्युटी. हितं आल्यावर सांगणार होते, आजी-पप्पांसमोर. म्हणून तर आलो आपण."

"दुनियेत दुसरं गोडाऊन न्हवतं?"

"तुझं काम वाईट हाय का आई?" स्नेहलनं विचारलं. तिनं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. "मग चौदा वर्षं तू काय करत होतीस?"

बकुळानं नवऱ्याकडे पाहिलं. सुगत आईला चिकूच्या झाडाखाली बसवून तिच्या पायातली नवी चप्पल नीट करत होता. त्यानं मान वर केली नाही. "मला म्हायत होतं," तो खाली बघूनच म्हणाला. "तुला सांगायची हिंमत न्हवती."

पुढचा तासभर नेत्रा सगळ्यांना बजावत होती की खोलीत कुणी जाऊ नका, पुन्हा हादरा बसेल. बकुळा तिच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली. पाहुण्यांना बाहेर बसवायचं आणि सामान आत, हा प्रकार तिला आवडला नाही. थोड्या वेळानं नेत्रा स्वतःच डोक्यावर पाट धरून आत शिरली आणि एकेक करत त्यांच्या चारही पिशव्या बाहेर आणून ठेवल्या. नंतर फोन कानाला लावून ती अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. तिचं माहेर तलासरीकडच्या पाड्यावर होतं. तिकडे भिंती पडल्या होत्या असं लोक म्हणत होते आणि तिच्या आईचा फोन लागत नव्हता. बकुळाला आपल्याच डोळ्यांची लाज वाटली.

"अवो, गाडी काढा," ती सुगतला म्हणाली. "हिला आधी सोडू, मग घरी."

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. घरं उभी होती, पण त्यांच्या भिंतींत हात जाईल एवढ्या भेगा होत्या, आणि तीन घरांच्या कुडाच्या जागी नुसते वासे राहिले होते. माणसं भांडीकुंडी घेऊन मोकळ्या माळावर बसली होती. नेत्राची आई एका आंब्याखाली कोंबडी मांडीत घेऊन बसलेली सापडली. लेकीला बघून तिनं कोंबडी खाली सोडली आणि दोन्ही हातांनी लेकीचं तोंड, मान, दंड, पाठ चाचपून पाहिली, कुठे लागलं तर नाही ना म्हणून.

बकुळानं ते गाडीच्या काचेतून पाहिलं आणि आपले हात पदराखाली घेतले. परतीच्या वाटेवर हायवे लागेपर्यंत हात तिथेच होते. बायजाबाई तेवढ्या मध्येच म्हणाल्या, "समुद्र बरा व्हता. पण लय आवाज करतो."

सोमवारी सकाळी स्नेहल तिच्याआधी घरातून निघाली. बकुळानं डबा दिला, पण कार्ड गळ्यात आहे का ते विचारलं नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या आधी कमळ पडद्याच्या काठ्या नीट करत म्हणाली, "तुझी पोर माझ्याकडं आली तर हलक्या हातानं झडती घेईन गं."

"सगळ्यांची घेतेस तशीच घे," बकुळा म्हणाली. पोरगी आपल्या पडद्यात येऊ नये, एवढंच ती दिवसभर मनात म्हणत होती.

भोंगा झाला. रांग लागली. बकुळाचे हात चालू होते आणि नजर पडद्याच्या फटीतून बाहेर. स्नेहल दिसली. निळा टी-शर्ट, केस विस्कटलेले. तिचा नंबर आला तेव्हा कमळचा पडदा रिकामा झाला होता. स्नेहल मागच्या बाईला म्हणाली, "तुम्ही जा ना." बाई गेली. कमळचा पडदा पुन्हा रिकामा झाला. स्नेहलनं आणखी एकीला पुढे सोडलं.

रांगेत दुसरीला पुढे सोडणारी बाई अंगावर काहीतरी घेऊन आलेली असते, हे चौदा वर्षांत एकदाही खोटं ठरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी. तिच्या हाताखालची बाई "झालं का मावशी?" म्हणाली तेव्हा तिला भान आलं. तिनं त्या बाईला सोडलं.

पडदा सरकला आणि स्नेहल आत आली.

"दोघींना पुढं का सोडलंस?" बकुळानं विचारलं.

"तुझा पडदा रिकामा व्हायची वाट बघत होते," स्नेहल म्हणाली आणि तिनं दोन्ही हात वर केले.

बकुळाचे हात उठेनात.

"कर ना आई. मागं लाईन हाय."

मग तिनं खांद्यांपासून सुरुवात केली. टी-शर्ट पाठीला घामानं चिकटला होता. कोपराजवळ पुठ्ठ्यानं कापल्याची बारीक रेघ होती. कमरेला काही नव्हतं. आपला दुखरा गुडघा सांभाळत ती खाली वाकली, पोटऱ्यांना हात लावला, आणि थांबली. पोरीच्या पोटऱ्या थरथरत होत्या. दहा तास सिमेंटवर उभं राहून आलेली ती थरथर होती, हाताखाली स्पष्ट लागत होती, एकसारखी. बकुळाच्या मनात आलं, रोज दीड-दोनशे बायका. प्रत्येकीच्या पोटऱ्या अशाच लागल्या असतील, याच हातांना. आणि आपल्याला कधी कळल्या नाहीत.

तिनं तळवे तिथेच दाबून धरले. थरथर जरा कमी होईपर्यंत धरले. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "क्या हुआ, इसके पास कुछ मिला क्या?"

"काही न्हाय," बकुळा म्हणाली. उठताना तिनं लेकीच्या हाताचा आधार घेतला. "घरी जाऊन पाय गरम पाण्यात ठेव. मीठ टाक त्यात."

स्नेहल मान हलवून गेली. पुढची बाई आत आली आणि सवयीनं हात वर करून उभी राहिली.

"हात खाली घे," बकुळा तिला म्हणाली. "आधी जरा दम खा."

बाईनं हात खाली घेतले नाहीत. ती संशयानं बकुळाकडे बघत राहिली.