पालखीतल्या नवरीची बोटं

समुद्रकाठच्या नादोर गावातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला कॅमेरा फिरवणारी इक्राम एकटीच, त्यामुळे तिचा तोरा काही विचारू नका! त्या उन्हाळ्यात तिला सिनेमाचं खूळ लागलं होतं. कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं टिपायचा, प्रत्येकात एकाआड एक ओळी. दुनियाच्या लग्नाच्या डीव्हीडीसाठी हिनं दोन-दोन अर्धी एकात मिसळून सिनेमासारखी पंचवीस अख्खी केली. चित्र कसं मऊ, देखणं झालं, आणि बाई स्वतःवरच खूश झाली.

दुपारी दुनिया मीमूनकाकांना घेऊन इक्रामच्या दुकानात आली. काका संध्याकाळच्या बोटीनं निघणार होते आणि डिस्क रॉटरडॅमला दुनियाच्या वडिलांना, अल्लालना देणार होते. मांडीचं हाड मोडून अल्लाल तिथल्या इस्पितळात पडले होते, एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला मुकले होते.

डिस्क लागली. खांद्यांवर डोलणारी पालखी आली. आत नवरी, कॅमेऱ्याकडे बघून हात नाचवतेय.

"बघ, काय झकास आलंय!" इक्राम म्हणाली.

दुनियाचा चेहरा उतरला. "अगं, हे काय केलंस? मी काय बोलतेय ते मलाच कळेना!"

"बोलतेस? तू तर नाचतेयस."

"नाचतेय, डोंबल! बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. हातांनी बोलतेय मी त्यांच्याशी!"

इक्रामनं पडद्याला नाक लावून पाहिलं. मिसळलेल्या चित्रांत बोटांचा नुसता काला झाला होता.

"जाऊ दे गं, चेहरा दिसतोय ना?" काका घड्याळ बघत म्हणाले. "बोट चुकेल माझी."

"चेहरा फोटोतही दिसतो, काका," दुनिया म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"काका, मुकाट्यानं बसा आणि चहा घ्या!" इक्रामनं सिनेमा घातला चुलीत आणि मूळ टेप पुन्हा लावली. पन्नासच्या पन्नास अर्धी चित्रं जशीच्या तशी ठेवायची. पण घाईत कोणती अर्धी आधी, तेच चुकलं. बोटं पुढंमागं थरथरायला लागली, नवरीला हुडहुडी भरल्यासारखी. स्वतःला शिव्या घालत तिनं क्रम उलटा केला.

आता एकेक बोट स्वच्छ दिसलं. दुनिया डोळे पुसत वाचून दाखवू लागली, "बाबा, तुम्हीपण माझ्यासोबत पालखीत बसलाय. घट्ट धरा हं, हे लोक फार हलवतात!"

काकांनी चहा तसाच टाकला, डिस्क खिशात कोंबली आणि धूम ठोकली.

त्या आठवड्यात दुनियानं इक्रामला ओढतच इंटरनेटच्या दुकानात नेलं. पडद्यावर इस्पितळाची खाट आणि तिच्यावर अल्लाल. त्यांचे हात नुसते उडत होते, पण चित्र अडखळत येत होतं. एक शब्द कळेल तर शपथ!

"बाबा, हळू!" दुनियानं हातांनी सांगितलं.

अल्लाल थांबले. मग त्यांनी खाटेच्या दोन्ही बाजूंचे कठडे घट्ट धरले आणि पालखीत बसल्यासारखे डावीउजवीकडे डोलायला लागले. नर्स ओरडत धावत आली, पण ते काही थांबेनात.