भलत्या गल्लीतला ठिपका

शहरात विजेवरचे ट्रक येणार होते आणि चार्जर कुठे बसवायचे, ते ठरवण्याचं काम तिच्याकडे होतं. पद्धत सरळ होती. सध्याच्या दोनशे डिझेल ट्रकांना ट्रॅकर लावायचे आणि जिथे गाडी अर्धा तास थांबते, तिथे नकाशावर ठिपका द्यायचा.

ठिपके गोदामांपाशी पडले, बाजारापाशी पडले. एक मात्र भलत्याच गल्लीत. एकच ट्रक, दर बुधवारी, चार ते पावणेपाच.

"चूक असेल, काढून टाकू," सहकारी म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. ती तिच्याच घरामागची गल्ली होती, आणि ट्रक चालवणारा तिच्या ओळखीचा एकच माणूस होता.

दादा. दोन वर्षांपूर्वी हे काम तिने घेतलं, तेव्हा "डिझेलच्या गाड्या गेल्या की माझं काम गेलं. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?" म्हणून त्याने बोलणं टाकलं. ही तरी काय, नाकावर माशी बसू न देणारी! तिनेही फोन केला नाही. दोघं एकाच आईची लेकरं, हट्टात कोण कुणाला हार जाणार? पण दादावाचून तिला करमत नव्हतं, हेही तितकंच खरं.

बुधवारी चारला ती जिना उतरून मागच्या गल्लीत गेली. दादा केबिनमध्ये बसून, मान वर करून तिच्या खिडकीकडे बघत होता.

"दादा."

तो असा दचकला की हॉर्नच वाजला. "इंजिन तापलं होतं."

"दर बुधवारी?"

"जुनी गाडी आहे." मग स्टिअरिंगकडे बघत, "बुधवारी तू घरून काम करतेस, असं तुझी वहिनी म्हणाली. इथून तुझं डोकं दिसतं. तेवढंच."

तिला हसूही आलं आणि रडूही.

"मालक विजेची गाडी देतोय, टिल्ले. मी नको म्हटलं."

"अजून राग आहे?"

"राग कसला! ती तापत नाही म्हणतात. थांबते ती चार्जरपाशीच. मग इथे काय निमित्त सांगू?"

गल्ली अरुंद, वीज तोकडी. इथे चार्जर होणार नव्हता, आणि भावाला खोटं सांगणं तिला जमणारं नव्हतं.

"घे ती गाडी," ती म्हणाली. "बाजारापाशी चार्जर होतोय. तिथे पाऊण तास जागचं हलता येणार नाही तुला. दर बुधवारी मी येऊन शेजारी बसणार. पळून दाखव."

दादाने बाहीने डोळे पुसले आणि केबिनचं दार उघडलं.

"डबा दोघांपुरता आण," तो म्हणाला.