आर्डिसच्या पोटातली झोळी

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. एकसष्ट वर्षांची. मला कोणी शिवले नाही की बाजारातून आणले नाही. आर्डिस जन्मली तेव्हा तिच्याबरोबर मीही आले. ओटीपोटाच्या तळाशी, समोरच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ताणून बांधलेली मी स्नायूंची झोळी. माझ्यावर मूत्राशय, आतडे आणि गर्भाशय विसावलेले असते. अशी झोळी तुमच्याकडेही आहे, मुलगा असा वा मुलगी. हसू नका. ती काम करते म्हणूनच तुम्ही वर्गात तासभर नीट बसता.

आमचे गाव कॅनडात, सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट मुलखात आहे. हिवाळा लांबलचक, आणि हिवाळाभर कर्लिंग. बर्फावरून जड दगड पलीकडे आखलेल्या वर्तुळाकडे सरकवत सोडायचा, तो लांब जावा म्हणून दोघींनी त्याच्यापुढे ब्रश घासत पळायचे आणि पलीकडच्या टोकाला उभ्या कॅप्टनने ओरडायचे. "जोरात!" म्हणजे घासा. "बस्स!" म्हणजे ब्रश उचला. आर्डिस तीस वर्षे कॅप्टन होती. तिची हाक बाहेर उभ्या गाड्यांपर्यंत ऐकू जाई. लोक तिच्या घशाचे कौतुक करीत. ओरडताना पोटातला सगळा दाब खाली येतो आणि तो मी झेलते, हे कोणाच्या गावीही नव्हते.

तिची तीन बाळंतपणे मी निभावली. धाकटा तर साडेचार किलोचा! दर वेळी मी ताणले गेले आणि हळूहळू सावरले. सगळ्यांनी बाळासाठी टोप्या विणल्या, माझी विचारपूस कोणी केली नाही. मला राग आला होता, खोटे कशाला बोलू? पुढे बद्धकोष्ठ जडले आणि कुंथून कुंथून तिने मला आणखी दमवले. मग गेल्या हिवाळ्यात, ऐन सामन्यात, "जोरात!" म्हणताना तिला थोडी लघवी झाली.

आर्डिसने हाकच बंद केली. ती हातवारे करू लागली. पाणी पिणे कमी केले, तर लघवी दाट होऊन मूत्राशय जास्तच चिडले. संघ हरू लागला. एका सामन्यानंतर पेरोगी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले कानवले, खाताना तिची नणंद व्हर्ना उसळली. ती संघात ब्रश घासायची.

"आर्डिस, तुझी वाचा बसली का गं? मी खाली बघून घासू, की तुझे हातवारे बघत बसू?"

"वय झालं गं माझं. यंदापासून तूच हो कॅप्टन."

"मी? माझं घरचं कुत्रंसुद्धा ऐकत नाही. खरं काय ते सांग."

आर्डिसने तिच्या कानात सांगितले. व्हर्नाने काटा खाली ठेवला.

"अगं बाई! मग मी नऊ वर्षं काळीच पँट का घालते, असं वाटतं तुला?"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला फार बरे वाटले.

मग आर्डिसने कुठेतरी व्यायाम वाचला आणि मला आवळायला सुरुवात केली. स्वभावच कॅप्टनचा! भांडी घासताना, गाडी चालवताना, श्वास रोखून दिवसभर माझ्यावर "जोरात! जोरात!" महिन्याभरात मी थकून थरथरू लागले आणि गळणे वाढले. तिने कॅप्टनपद सोडल्याची चिठ्ठी लिहिली. व्हर्नाने ती हिसकावून खिशात घातली आणि आर्डिसला सास्काटूनला कॅमिल नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे नेले.

तपासून कॅमिल म्हणाली, "आवळता छान. पण सोडता कधी?"

"सोडायचंही असतं?"

"तुम्ही खेळात एकसारखं 'जोरात'च ओरडता का?"

"छे! पोरींचे हात गळून पडतील की..." आर्डिस मध्येच थांबली. "अरे देवा. मी हिला एकदाही 'बस्स' म्हटलं नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आले असते. पण रडणे माझ्या कामात बसत नाही.

कॅमिलने नीट शिकवले. पोटातला वारा अडवतो तसे आवळून मला आत आणि वर उचलायचे, श्वास चालू ठेवायचा, काही सेकंद धरायचे, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. हे लघवी करताना करायचे नाही. खोकण्याआधी, ओरडण्याआधी मला आधी उचलायचे. पाणी पुरेसे प्यायचे. शौचाला बसताना पायांखाली स्टूल घ्यायचे, कुंथायचे नाही. आर्डिसने रोज केले. तीन महिन्यांत माझ्या अंगात ताकद भरली.

मार्चमधला शेवटचा सामना. शेवटचा दगड, आणि तो वर्तुळाआधीच थांबणार असे दिसत होते. आर्डिसने मला उचलले. मी तयार होते.

"जोराऽऽऽत!"

सगळे दचकून वळले. मी घट्ट धरून होते, एक थेंबही गळला नाही. दगड वर्तुळात सरकून मधोमध थांबला, आणि आम्ही जिंकलो.

आर्डिसने पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बस्स."

"ब्रश केव्हाच उचललाय मी!" व्हर्ना धापा टाकत ओरडली.

पण ते तिच्यासाठी नव्हते. मी सैल झाले.

मित्रांनो, तुमच्या झोळीचे कॅप्टन तुम्हीच आहात. ती दुखली, गळू लागली, तर लाजून लपवू नका, सांगा. तिच्याकडून काम करून घ्या. आणि काम झाले की तिला "बस्स" म्हणा. ती आयुष्यभर या एका शब्दाची वाट पाहत असते.