गाळलेलं नाव

अमडापूरच्या कडूबा सावजींचं कापडदुकान बुडालं होतं. नादारीच्या अर्जासाठी, ज्यांचं देणं राहिलं त्या साऱ्यांची यादी घेऊन ते सकाळपासून बुलढाण्यात वकील शोधत फिरत होते. पहिला म्हणाला, घर बायकोच्या नावानं करा. दुसऱ्यानं यादी न पाहताच फी सांगितली. तिसऱ्या, म्हाताऱ्या वकिलानं ती शेवटपर्यंत वाचली.

“व्याह्याचं नाव काऊन नाही?”

व्याह्यांकडून घेतलेल्या पैशांचं सावजींनी घरातही सांगितलं नव्हतं. “तुमाले कोनं सांगतलं?”

“कोनीच नाही. इथं येनारा पोरीचा बाप तेच नाव गाळते. पन कोर्टात अर्धी यादी चालत नाही.”

सावजी टोपी काढून समोरच्या खुर्चीत बसले.

“वकीलपत्र तुमालेच देतो. फक्त ते नाव तुमीच लिहा.”