देवाचा उजवा हात

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मंगळवारी मिरजेत ठरलं होतं. तारीख मिळायला तीन महिने लागले होते. पण आईची अट होती, देवानं कौल दिला तरच. आणि आमचा देव म्हसवडच्या पलीकडे, तीनशे बारा पायऱ्या चढून गेल्यावर भेटतो. म्हणजे गुडघा बदलायचा का, हे विचारायला तोच गुडघा घेऊन वर जायचं. हा मुद्दा मी सांगलीपासून विट्यापर्यंत मांडला. विट्याला आईनं डोळे मिटून घेतले.

बाबा खाली गाडीतच थांबले. म्हणाले, "माझी देवावर श्रद्धा आहे, पायऱ्यांवर नाही."

दर दहाव्या पायरीला आई बसायची. मी "परत जाऊ या" म्हणायचो, आणि वरून उतरणारं कुणीतरी हमखास सांगायचं, "आलंच की आता, मावशी." असं दीड तास.

देऊळ हेमाडपंती, पण खांबांवर भक्तांनी इतका ऑइलपेंट चढवलाय की जिल्हा परिषदेच्या शाळेत आल्यासारखं वाटतं. जोतीराम गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना शेवंतीची एकेक ओली कळी चिकटवली. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कॉलेजच्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच मी मनापासून हात जोडले.

कळी पडली. आमच्या डाव्या हाताची.

"नको म्हणतोय," आई खुशीत म्हणाली. "चल खाली."

"अगं, डॉक्टरांना काय सांगू? शेवंती पडली म्हणून?"

"आवं आक्का, थांबा जरा," गुरव म्हणाले. "डावा कुणाचा, तुमचा का देवाचा? देव तुमच्याकडं तोंड करून हुबा हाय न्हवं? मग पडली ती त्येच्या उजव्या हाताची. लय चांगला कौल हाय."

"काहीतरीच! आमच्या घरात आपल्याच उजव्या हातानं बघतात. आमच्या लग्नाचा कौल सासूबाईंनी तसाच बघितला होता."

"व्हय की. माझं आजोबा लय समजावत हुतं त्यास्नी. ऐकतील तर शपत!"

आई खांबाला टेकून सावकाश खाली बसली.

"म्हणजे तेव्हा देव नको म्हणाला होता?"

"झालं ते झालं, आक्का," म्हणत गुरव घाईघाईनं समई पुसू लागले.

"तेव्हा कुणी त्याचं ऐकलं नाही," आई म्हणाली. "आता तरी ऐकते. मंगळवारी जाऊ."

उतरायला दोन तास लागले. गाडीजवळ बाबा वर्तमानपत्र वाचत उभे होते.

"काय म्हणाला देव?"

"ऑपरेशनला हो म्हणाला. तुम्हाला नाही म्हणाला होता."

"कधी?"

"त्र्याऐंशी साली."

बाबांची उभी हयात कोर्टात कारकुनीत गेलेली. त्यांनी पेपरची घडी घातली. "मग अपिलाची मुदत टळून गेली."

"पुढे बसा तुम्ही," आई म्हणाली. "मागे मला पाय लांब करायचाय."