दहावा सूचक

सकाळपासून रंजिता प्रांत कार्यालयात बसून होती. विधानसभेचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता, मुदत दुपारी तीनपर्यंतची. दोन वाजायला आले तरी पक्षाचा ए-बी फॉर्म आला नव्हता. तो अर्जाला जोडला तरच पक्षाचं चिन्ह मिळणार. "निघालाय, वाशीपर्यंत आलाय," असं जिल्हाध्यक्ष तिसऱ्यांदा फोनवर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी फोन जरा घाईनेच ठेवला.

बारा वर्षांपूर्वी सुकापूरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे दाजींनी, सुनेचं नाव पुढे केलं होतं. "तू फकस्त सही कर, बाकी आमी बगतो." पहिलं वर्ष तिने सह्याच केल्या. मग एकदा टँकरच्या कागदावर सही करण्याआधी तिने तो वाचला. ज्या कातकरी वाडीला पाणी पोचल्याचं त्यात लिहिलं होतं, तिथल्या बायका आदल्याच दिवशी तिच्या दारात हंडे घेऊन बसल्या होत्या. तिने सही केली नाही. दाजी आठ दिवस बोलले नाहीत. पण वाडीत टँकर गेला. पुढे ती दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आली. विधानसभेची तयारी कर, असं पक्षाने दोन वर्षांपूर्वी तिलाच सांगितलं होतं.

तरी गेल्या महिन्यात तिला काहीतरी खटकलं. नाक्यावरच्या बॅनरवर धाकट्या दिराचा, दीपेशचा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. तिने कुणाला काही विचारलं नाही. हाताशी असावा म्हणून अपक्ष अर्ज तेवढा भरून ठेवला. अपक्षाला दहा सूचक लागतात, मतदारसंघातले दहा मतदार. दहा सह्या झाल्याही होत्या. पण आज अकरा वाजता प्रांत कार्यालयातल्या कारकुनाने यादी तपासली आणि मान हलवली.

"ताई, तुमच्या सूचकांतल्या या नीता मॅडमचं नाव अजून ठाण्याच्या यादीत आहे. ही सही चालणार नाही."

तिने गावात पाच फोन केले. कुणाला ताप होता, कुणी लग्नाला निघालं होतं. दाजींच्या विरोधात सही करायला कोण धजणार? शेवटी वाडीवरची ठमाबाई हो म्हणाली. तिला सही येत नव्हती. तिचा अंगठा अधिकाऱ्यांसमोरच घ्यावा लागणार होता. तिला आणायला रंजिताने नवऱ्याला, प्रणितला, गाडी घेऊन पाठवलं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर ढोल वाजले. दीपेश आत आला. गळ्यात हार, हातात पक्षाचा लिफाफा.

"वहिनी, नाव माझं आलंय. तुमचं पर्यायी उमेदवार म्हणून घातलंय."

"कधी ठरलं?"

"परवा."

"काल आपण एका पंगतीला जेवलो, दीपेश."

तो खाली बघत म्हणाला, "दाजी म्हणाले, आधी सांगितलंस तर घरात तमाशा होईल."

रंजिता उठली. बाहेर येऊन तिने प्रणितला फोन लावला. रिंग पूर्ण वाजली, त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा लावला तर फोन बंद. दाजींनी त्याला गाठलं असणार. सोळा वर्षांच्या संसारात प्रणितने बापाचा शब्द कधी मोडला नव्हता. तिने त्यासाठी त्याला कधी दोषही दिला नव्हता, पण आज तिला त्याच गोष्टीची भीती वाटली.

अडीच. दोन चाळीस. फाटकावरच्या पोलिसाने तिला खुर्ची दिली, तिच्याने बसवेना. उन्हात रस्त्याकडे बघता बघता प्रत्येक पांढरी गाडी तिला त्यांचीच वाटायची आणि पुढे निघून जायची.

दोन सत्तेचाळीसला गाडी थांबली. ठमाबाई उतरली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात मतदार कार्ड. रंजिताने तिला दंडाला धरून पायऱ्या चढवल्या.

"आजी, तुम्ही स्वतःच्या इच्छेने यांचं नाव सुचवताय ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मंग? मला कोन सांगनार? माजा अंगठा माजा हाय."

शाईत बुडलेला अंगठा कागदावर टेकला. घड्याळात दोन छप्पन्न झाले होते.

परत जाताना वळणावर प्रणितने गाडी हळू केली. मग म्हणाला, "दाजींचा फोन आला होता. मी फोन बंद केला आणि अर्ध्या वाटेतून गाडी मागे वळवली, रंजी. ठमाबाईला वाडीवर परत सोडायला निघालो होतो."

"मग?"

"तिने विचारलं, बायकोला काय सांगशील? मी तिथूनच गाडी पुन्हा इकडे वळवली."

मागच्या सीटवर ठमाबाई डोळे मिटून बसली होती.

अर्ज मागे घ्यायला अजून मुदत होती, आणि ते दिवस सगळ्यांत वाईट गेले. पक्षातून माणसं येत, दाजी ओटीवर बसून ऐकू जाईल असं बोलत. "घर फोडलंस तू." रात्री तिला झोप लागायची नाही. दोनदा तर तिने माघारीचा कागद पेनासकट समोर घेतला. शेवटच्या दिवशी ती दाजींसमोर जाऊन उभी राहिली.

"दाजी, मी माघार घेनार नाय. मला इचारलं असतंत, तर कदाचित मीच दीपेशसाठी फिरले असते."

दाजींनी तोंड फिरवलं.

निकालात ती तिसरी आली, अकरा हजार चारशे मतं. दीपेश पडला सहा हजारांनी. हिशोब सगळ्या तालुक्याला कळत होता. दीपेशने नवीन पनवेलला बिऱ्हाड हलवलं. दाजी त्याच्याकडे राहायला गेले. ओटीवरची त्यांची खुर्ची प्रणितने आत आणून ठेवली, पण तिच्यावर बसायला घरात कुणी धजेना.

पंधरा दिवसांनी वाडीवरच्या बायका आल्या. बोअरिंग बंद पडली होती. जिल्हा परिषदेची मुदत संपलेली, आता हातात पद नाही, ऑफिसात आपल्याला कुणी उभं करील का, असं रंजिताच्या मनात आलं. तिने अर्ज लिहिला, दोनदा वाचला, खाली सही केली, आणि त्यांना म्हणाली, "चला, मी येते."