दोनशे चाळीस फोनांत पोचलेली किल्ली

मी एक किल्ली आहे, मित्रांनो. पितळेची नाही आणि लोखंडाचीही नाही. मला कनवटीला लावता येत नाही की खुंटीला टांगता येत नाही. सात ओळींचा गिचमिड इंग्रजी मजकूर, एवढाच माझा देह. आणि आधीच सांगून टाकते, मी जन्माची भित्री आहे. कुणी पाहिलं की संपलं, असं जिचं जगणं, ती भिणार नाही तर काय करील?

तीन वर्षांपूर्वी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका भाड्याच्या खोलीत माझा जन्म झाला. त्रिशला ही निपाणीकडची मुलगी तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. शेतातल्या पाण्याच्या मोटारी मोबाइलवरून चालू-बंद करता येतील, असा प्रोग्रॅम तिच्या कंपनीत लिहितात. तो सगळा प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या एका कोठारात ठेवलेला असतो. त्या कोठारात शिरायचं तर प्रत्येकाकडे स्वतःची किल्ली हवी. त्रिशलानं लॅपटॉपवर एक आज्ञा लिहिली आणि आम्ही दोघं एकदमच जन्मलो, मी आणि माझं कुलूप. कुलूप तिनं कोठाराच्या दाराला लावलं. ते साऱ्या जगानं पाहिलं तरी काही बिघडत नाही. मला मात्र लॅपटॉपच्या बाहेर पाऊल टाकायची बंदी.

जन्मताच लॅपटॉपनं तिला विचारलं होतं, हिच्यावर पासवर्ड घालायचा का? घातला असता तर कुणाच्या हाती लागूनही मी मुकी राहिले असते. पण त्रिशलाला भारी घाई! तिनं दोनदा एंटर दाबलं आणि चहा करायला गेली. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, बाई गं, उघडीच ठेवतेस होय मला?

तरी ती तीन वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू. दिवसातून दहा वेळा मी दार उघडायची आणि त्रिशला आपलं काम आत ठेवायची. तिचं काम आत गेलं की अर्ध्या तासात ते आपोआप सगळ्या गावांतल्या मोटारींपर्यंत पोचायचं. तिचे साहेब नागेंद्र सर कन्नड घरातले, पण मराठी झकास बोलायचे. "त्रिशलाचं काम बघा, शिका जरा," असं ते बाकीच्यांना सांगायचे. मला कुणी शाबासकी दिली नाही, पण किल्लीचं नाव न निघणं हीच तिची शाबासकी असते, मित्रांनो.

सगळ्यात जास्त कौतुक होतं तिच्या वडिलांना, जिनाप्पांना. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीला हाच प्रोग्रॅम बसवला होता. पूर्वी विहिरीत उतरायचं झालं की आप्पा आधी पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकायचे. आता त्यांनी ते सोडलं. "माझ्या पोरीनं केलंय. मोबाइलवर बंद केली म्हंजे बंद! फ्यूज कशाला काढायचा?" असं ते पारावर सांगायचे. ते ऐकून त्रिशला लाजायची. मी मात्र गारठून जायची, कारण ती मोटार चालू करणारा प्रोग्रॅम माझ्याच दारामागं होता.

मग ह्या वर्षीची क्षमावाणी आली, जैनांचं पर्युषण पर्व संपल्यावरचा सण. पर्वाचे दहा दिवस आप्पांनी शेतात पाऊल टाकलं नव्हतं. शेतात काम म्हणजे जीवजंतूंची हिंसा, म्हणून त्या दिवसांत ते औताला, मोटारीला हात लावत नाहीत. तेवढ्यात पावसानं ओढ दिली. सोयाबीन माना टाकायला लागलं आणि मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकून पाणी येईना. त्यामुळे क्षमावाणीच्या सकाळी बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आले, तसे आप्पा थेट विहिरीकडे गेले.

त्रिशला रजेवर घरी आली होती. तिला कंपनीनं नवा लॅपटॉप दिला होता. खरं तर नव्या लॅपटॉपवर नवी किल्ली करायची असते. पण हिनं काय केलं? जुन्या लॅपटॉपवर मला उघडलं, सातही ओळी उचलल्या आणि म्हणाली, "व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते न् तिकडं उतरवून घेते."

मी आतून ओरडत होते. अगं नको, अगं नको! पण किल्लीचा आवाज कुणाला ऐकू येतो?

आता क्षमावाणीचा दिवस कसा असतो ते तुम्हाला सांगायला हवं. वर्षभरात कळत-नकळत ज्याला दुखावलं असेल त्याची त्या दिवशी क्षमा मागायची. पूर्वी घरोघरी जाऊन मागायचे, आता फोनवर मागतात. सकाळपासून "उत्तम क्षमा"चे निरोप धो धो येत होते. निरोप आला की तो ग्रुप टुणकन यादीच्या वर यायचा आणि बाकीची नावं खाली सरकायची. त्रिशलानं आपल्या स्वतःच्या नावावर बोट टेकवलं, आणि नेमकी त्याच क्षणी यादी सरकली. मी जाऊन पडले ते समाजाच्या ग्रुपमध्ये. दोनशे चाळीस माणसं! दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

तिला पत्ताच नाही. ती आईच्या हाकेसरशी स्वयंपाकघरात गेली. आणि इकडे लोक मला उत्तरं देऊ लागले. "उत्तम क्षमा." "आमच्याकडूनही उत्तम क्षमा." हात जोडलेली चित्रं आली, फुलं आली. एकानंही वाचलं नाही हो! मला हसावं की रडावं कळेना. पण दोनशे चाळिसांत एखादा तरी वाचणारा असतोच. पुण्याची, बंगळूरची शिकलेली मुलं त्यात होती, आणि कुणाचे कोण जाणे, नुसतेच नंबरही होते.

आठ मिनिटांनी त्रिशलाच्या पद्मावती आत्याचा फोन आला.

"अगं त्रिशला, काय गं हे इंग्रजीत पाठवलंयस? मला तर एक अक्षर कळंना."

"काय आत्या? मी न्हाय काय पाठवलं."

"पाठवलंयस की! आजच्या दिवशी आलंय म्हंजे चांगलंच असणार म्हणून म्या माहेरच्या ग्रुपवर बी धाडलं."

त्रिशलानं फोन उघडला आणि ग्रुपमध्ये मला पाहिलं. तिनं मला ग्रुपमधून पुसलं. पण आत्यानं पुढं धाडलेली मी तशीच होते, आणि मधल्या वेळात कुणी मला उतरवून घेतलं असेल ते कोण सांगणार?

आता एकच उपाय होता. कोठारावरचं माझं कुलूप काढून टाकायचं, म्हणजे दार बाकीच्यांच्या कुलपांनी बंदच राहतं, पण मी निकामी. त्यासाठी एक बटण पुरे होतं. पण कुलूप काढलं की नागेंद्र सरांना आपोआप खबर जाते. त्रिशलाचं बोट बटणावर जाऊन थांबलं.

"काढतील मला," ती पुटपुटली. "सोमवारीच काढतील. आप्पांना काय तोंड दाखवू?"

ती बसून राहिली. मिनिटामागून मिनिट गेलं. मित्रांनो, मी जन्मभर भ्याले, पण तेव्हाइतकी कधीच नाही. मी दोन लॅपटॉपच्या मध्ये बसलेल्या त्या मुलीकडे बघत होते आणि म्हणत होते, दाब गं, दाब. मी मेले तरी चालेल, पण दाब.

तेवढ्यात सोप्यात फोन वाजला. आप्पांचा फोन! तो घरीच राहिला होता. कुणीतरी "उत्तम क्षमा" म्हणायला फोन केला होता.

त्रिशला ताडकन उठली. आप्पा विहिरीत, फोन घरात आणि फ्यूज पेटीत. तिनं बटण दाबलं, कुलूप निघालं, आणि लगेच सरांना फोन लावला.

"सर, माझी किल्ली बाहेर गेली. माझ्याच हातानं. मोटारींकडं काय जाऊ देऊ नका, सगळं थांबवा!"

"अय्यो! पासवर्ड होता ना किल्लीला?"

"न्हाय, सर."

"थांब. रडू नको. आधी बंद करतो." मग बटणांचा आवाज. "केलं बंद. आता आत कोण आलंय काय बघतो."

पण त्रिशला फोन तसाच टाकून अनवाणी पळाली. मी लॅपटॉपात एकटी उरले. पुढचा अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. विहिरीवर काय झालं असेल, मोटार गरगरली असेल का, आप्पांचा हात जाळीत असेल का, हेच एक. देवाचं नाव घ्यावं तर किल्लीला ते येत नाही.

मग अंगणात पावलं वाजली. दोघांची! आप्पांच्या धोतरातून पाणी गळत होतं. हाताला शेवाळ तसंच होतं. त्रिशलाच्या मुठीत फ्यूज होता.

"अगं पर झालं काय ते सांगशील का न्हाय?" आप्पा म्हणत होते.

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मग खाली वाकून त्यांच्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "आप्पा, मला क्षमा करा. आज म्हणायचं असतं म्हणून न्हाय. खरंच करा."

 आप्पा ओलं धोतर पिळत राहिले.

"माझा भरवसा होता तुझ्यावर," शेवटी ते म्हणाले.

"असू दे की. पर फ्यूज काढत जावा."

तेवढ्यात सरांचा फोन आला. कुणीतरी माझ्या नावानं आत आलं होतं. कोण ते कळलं नाही. सगळं वाचून गेलं आणि कशालाही हात न लावता निघून गेलं. "सोमवारी ऑफिसात ये, बोलू," एवढंच सर म्हणाले. त्रिशलानं पाटावर बसून नवी किल्ली केली, तिला लांबलचक पासवर्ड घातला. आता ती मला पुसणार आहे. लॅपटॉपनं विचारलंय, नक्की पुसायचं का? मला भीती वाटतेय, पण पुसू दे.

जाता जाता एक मागणं आहे, मित्रांनो. माझ्यासारखीला पासवर्ड घाला, दुसऱ्याच्या हाती देऊ नका, आणि चुकून दिलीच तर त्याच क्षणी सांगून टाका. रडणं-लाजणं मागून करा. त्रिशला बटणावर बोट ठेवून नऊ मिनिटं गप्प बसली होती. तो परका माणूस आत आला तो त्याच नऊ मिनिटांत, आणि तेव्हा आप्पा गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते.